प्रेत, शव, मढं की बॉडी?

एका मैत्रिणीचा प्रश्न आलाय. दादरला चित्रकलेच्या मुलांसमोर ती शरीरशास्त्र आणि चित्रकला यावर मराठीत बोलणार आहे, चित्रं निवडून झालीत, अडलंय ते चित्रांखालच्या ओळी लिहिताना. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या त्या डॉक्टर टुल्पवाल्या चित्राचं, ज्यात टेबलावरच्या मेलेल्या माणसाचा हात उघडून डॉक्टर शिकवतायत, नाव मराठीत काय करायचं? ‘मकाब्र’ला, म्हंजे मरण समोर आणून अंगावर काटा उभा करणाऱ्याला, आपल्याकडे शब्द आहे का, बीभत्स चालेल का? आणि टेबलावर जो माणूस पडलाय त्याला शव म्हणायचं, प्रेत म्हणायचं की मृतदेह? हा तिसरा प्रश्न सगळ्यात खोल आहे म्हणून तो शेवटी घेतो.

आधी नाव. मूळ डच नावात ‘लेस’ आहे, म्हंजे धडा किंवा पाठ. ‘शरीररचनाशास्त्राचा पाठ’ असं केलं तर अर्थ चुकत नाही, पण ते पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखं वाटतं. मी ‘डॉक्टर टुल्प यांचा शरीराचा धडा’ असं करीन. कारण मराठीत धडा घेणं वेगळं आणि धडा शिकवणं वेगळं, दुसऱ्यात अद्दल आहे, शिक्षा आहे, आणि या चित्रात दोन्ही आहेत. चित्र १६३२ चं, आज हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात आहे, टेबलावरचा माणूस आरिस किंट, चोरीच्या गुन्ह्यात फाशी दिलेला. ॲमस्टरडॅमच्या शस्त्रवैद्यांच्या संघाला वर्षातून एक असं जाहीर विच्छेदन करता यायचं, ते थंडीत करायचे कारण उन्हाळ्यात बॉडी टिकणार नाही, आणि लोक पैसे देऊन बघायला यायचे. इंग्लंडात तर १७५२ मध्ये कायदाच झाला की खुन्याचं प्रेत नुसतं पुरायचं नाही, एकतर चिरफाडीला द्यायचं नाहीतर साखळदंडात टांगून ठेवायचं. त्याच्या वर्षभर आधी होगार्थ या इंग्रज चित्रकाराने क्रौर्याच्या चार पायऱ्या दाखवणारी चित्रं काढली, त्यातल्या शेवटच्यात खुन्याला टेबलावर फाडतायत आणि खाली कुत्रा त्याच्या काळजाला तोंड लावतोय. म्हंजे एका बाजूला विद्यार्थ्यांचा धडा आणि दुसऱ्या बाजूला टेबलावरच्याला मेल्यानंतरही शिकवलेला धडा, आणि हे दोन्ही एका शब्दात मावतं असा शब्द आपल्याकडे आयता असताना ‘पाठ’ कशाला घ्यायचा?

आता मकाब्र. हा शब्द फ्रेंच, आणि तो जगभर गेला तो एका नाचामुळे. पॅरिसच्या एका दफनभूमीच्या भिंतीवर १४२४-२५ मध्ये मोठं चित्र रंगवलं होतं, त्यात पोप, राजा, व्यापारी, शेतकरी, लहान मूल, प्रत्येकाच्या हाताला धरून एकेक मेलेला त्याला ओढत नेतोय. पुढे होल्बाइन या चित्रकाराने हाच विषय लाकडी ठशांत केला, ते १५३८ मध्ये फ्रान्समधल्या लिऑं शहरात छापले गेले. याला मराठीत कुणी ‘मृत्यूचं तांडव’ म्हणालं तर मला ते अजिबात पटत नाही. तांडव एकट्याचं असतं, त्यात संहार असतो, आणि पेपरवाल्यांनी पूर आला, अपघात झाला की ‘मृत्यूचं तांडव’ छापून छापून त्यातला जीव काढून घेतलाय. या चित्रात संहार नाहीच, इथे हात धरून, ओळीने, जवळजवळ प्रेमाने नेतायत. आपल्याकडे असा हात धरून धरलेला नाच म्हणजे फेर. भोंडल्याला मुली फेर धरतात तो. म्हणून मी ‘मढ्यांचा फेर’ म्हणेन, आणि हे वाचून ज्याच्या अंगावर काटा येईल त्याला मकाब्र म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागणार नाही, कारण ओळखीच्या घरगुती गोष्टीत मरण येऊन उभं राहणं हेच तर ते आहे.

बीभत्सचं काय? शास्त्राने बघितलं तर बीभत्स रसाचा स्थायीभाव, म्हंजे त्याच्या मुळाशी असलेली भावना, जुगुप्सा, किळस. भवभूतीच्या ‘मालतीमाधव’च्या पाचव्या अंकात स्मशान आहे, पिशाच्च प्रेताची कातडी सोलसोलून खातंय असा श्लोक आहे, आणि काव्यशास्त्र लिहिणाऱ्या मम्मटाने बीभत्साचं उदाहरण म्हणून तोच घेतला. तेव्हा होगार्थच्या त्या चित्राला बीभत्स बरोब्बर बसतं. अडचण अशी आहे की आजच्या बोलण्यात बीभत्स अश्लीलच्या जवळ सरकलाय, ‘बीभत्स हावभाव’ म्हटलं की मुलांच्या डोक्यात वेगळंच येणार. शिवाय रेम्ब्रांटचं चित्र बघून किळस येतच नाही. भयाण म्हणाल तर ते जागेला आणि शांततेला लागतं, अघोरी कृत्याला लागतं, भेसूर चेहऱ्याला, हसण्याला, रडण्याला. फ्रेंचला एकच शब्द पुरतो म्हणून आपल्यालाही एकच हवा असा हट्ट नको. चित्र बघावं आणि शब्द निवडावा. होगार्थ बीभत्स, पॅरिसची भिंत भेसूर. आणि टुल्पच्या चित्राला यातलं काहीच नको, तिथे ‘धडा’ने काम केलेलं आहे.

मुंबईत या विषयाची एक मजेशीर खूण आहे. कुणी म्हणालं ‘मी जेजेला आहे’ तर विचारावं लागतं, कुठल्या जेजेला? भायखळ्याचं हॉस्पिटल आणि त्याला लागून १८४५ पासूनचं ग्रँट मेडिकल कॉलेज, की सीएसएमटीजवळचं १८५७ चं आर्ट स्कूल? दोन्हीकडे नाव त्याच सर जमशेटजी जीजीभाईंचं, दोन्हीकडे मुलं हाडं बघून शिकतात. आणि दोन्हीकडे ‘ॲनाटॉमी’ हाच शब्द, फक्त अर्थ वेगळा. मेडिकलच्या मुलासाठी ॲनाटॉमी हा विषय आहे, पास व्हायचा. चित्रकारासाठी तो गुण आहे. ‘त्याचा रंग छान आहे पण ॲनाटॉमी कच्ची आहे’ असं चित्रकार सहज म्हणतात, तिथे ‘शरीररचनाशास्त्र कच्चं आहे’ म्हणून बघा, वाक्य उभंच राहत नाही. तेव्हा मैत्रिणी, तुझ्या मुलांसमोर ॲनाटॉमीच म्हण, तो आता आपला शब्द आहे.

हाडांवरून आठवलं, तिच्या यादीत वेसालियस या शरीरशास्त्रज्ञाच्या पुस्तकातलं चित्र आहे, १५४३ चं, बाझेलला छापलेलं, ज्यात हाडांचा माणूस थडग्याला कोपर टेकून समोरच्या कवटीवर हात ठेवून विचार करत उभा आहे. खाली तिने ‘हाडांचा सापळा’ लिहिलंय. मी ‘सांगाडा’ लिहीन. सापळा आपण जिवंत माणसाला म्हणतो, ‘दुखण्याने नुसता सापळा उरलाय हो त्याचा’, त्यात बघणाऱ्याची कळकळ असते. वेरूळच्या २१ नंबरच्या लेण्यात सप्तमातृकांशेजारी काळाची मूर्ती आहे, बरगड्या निघालेली, तिला सापळा शोभेल, कारण तिच्यात अजून जीव आहे. सांगाडा म्हणजे ज्यावर बाकीचं उभं राहतं ते, बिल्डिंगचाही सांगाडा असतो, होडीचाही. आणि वेसालियसला नेमकं तेच दाखवायचं होतं, हे शरीर कशावर उभं आहे. त्याच्या पुस्तकाच्या नावातही ‘फाब्रिका’ आहे, म्हंजे रचना, बांधणी.

आणि एक शब्द तिने विचारला नाही पण तिला लागणार, कारण यादीत उदों या फ्रेंच शिल्पकाराचा १७६७ चा कातडी नसलेला पुतळा आहे आणि वाल्वेर्दे या शरीरशास्त्रज्ञाच्या १५५६ च्या पुस्तकातला तो भयंकर माणूस आहे, एका हातात सुरी आणि दुसऱ्या हातात स्वतःचीच सोललेली कातडी धरून उभा. फ्रेंचमध्ये अशा आकृतीला एकॉर्शे म्हणतात. मराठीत कोरीव, घडीव, रेखीव यांच्या ओळीत ‘सोलीव’ बसतोच, सोलीव वाल आपण म्हणतोच. सोलीव पुतळा. वापर, कुणी अडवणार नाही.

या सगळ्यात मला सगळ्यात आवडणारा शब्द मात्र सुश्रुताकडे सापडतो. आपण डिसेक्शनला विच्छेदन म्हणतो, म्हंजे कापून वेगळं करणं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पाचव्या अध्यायात मृत शरीर बघायची रीत दिलीये तिच्यात कापणं नाहीच. विषाने न मेलेला, फार दिवस आजारी नसलेला, शंभर वर्षांचा नसलेला, सगळे अवयव शाबूत असलेला माणूस घ्यायचा, आतड्यातला मळ काढायचा, मुंज गवत, साल, कुश, ताग असल्या कशाने तरी गुंडाळायचा, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात आडोशाला बांधून ठेवायचा आणि कुजू द्यायचा. सात रात्रींनी बाहेर काढून वाळ्याच्या, बांबूच्या नाहीतर गवताच्या ‘कूर्चा’ने हळूहळू घासत जायचं, कातडीपासून आतपर्यंत एकेक थर सुटत जातो आणि तो डोळ्यांनी बघत जायचा. शनैः शनैः असं मुद्दाम म्हटलंय, हळू हळू. आता हा कूर्च म्हणजे काय, तर त्याच शब्दापासून आपला कुंचा आला, आणि कुंचला! चित्रकाराच्या हातातला कुंचला आणि वैद्याने प्रेतावरून फिरवलेला कूर्च एकाच घरचे. एक थर चढवत जातो, दुसरा थर उतरवत जातो. मी हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा कितीतरी वेळ दुसरं काही वाचू शकलो नव्हतो. तुझ्या मुलांना बाकी काही नाही सांगितलंस तरी हे नक्की सांग.

आता टेबलावरचा माणूस.

शव हा संस्थेचा शब्द आहे. शवागार, शववाहिका, शवविच्छेदन. घरात कुणी शव म्हणत नाही. मृतदेह बातमीचा आणि सगळ्यात बिनधोक, कुणाला दुखवत नाही आणि कुणाच्या जवळही जात नाही. मयत अरबीतून आला, तो पंचनाम्यात ‘मयत इसम’ म्हणून असतो, आणि गिरगावात आमची आजी ‘मयताला गेले होते’ म्हणायची तेव्हा तिच्या मयतात ती सगळी गर्दी, बांबू, मडकं, पांढरे कपडे सगळं असायचं. मुडदा फारसीतला, तो शिवीत जगतो, मुडदा बशिवला तुझा. मढं मात्र जुनं आणि आपलं, ‘मृत’मधूनच प्राकृतातून झिजत आलेलं, आणि त्याच्यात एक निर्दय खरेपणा आहे, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे म्हणतात तिथे दुसरा कुठला शब्द ठेवून बघा. तिन्हीसांजेला हा शब्द तोंडातून निघाला तर आजी रागवायची. पार्थिव म्हणजे मातीचं, हा मानाचा, मोठ्या माणसांना आणि शहिदांना. आणि प्रेत, प्र अधिक इत, पुढे गेलेला. हिंदीत प्रेत म्हणजे भूत, आपल्याकडे भूतप्रेत या जोडीत ते उरलंय, पण एकटं प्रेत म्हणजे मराठीत समोर असलेलं शरीर.

रेम्ब्रांटच्या चित्रात मी प्रेत लिहीन. कारण त्यात कुणीतरी गेलाय हे शिल्लक राहतं. चित्र नीट बघ, टुल्प चिमट्याने हाताचे स्नायू उचलून धरतोय, ज्याने बोटं वळतात ते, आणि स्वतःच्या डाव्या हाताची बोटं वळवून दाखवतोय, आणि भोवतीचे लोक कुणी त्याच्या हाताकडे, कुणी पायाशी उघड्या ठेवलेल्या जाड पुस्तकाकडे, कुणी सरळ आपल्याकडे बघतायत. आरिस किंटच्या चेहऱ्याकडे कुणीच बघत नाहीये. चेहऱ्यावर अर्धी सावली आहे. शव लिहिलं तर आपणही त्यांच्यातलेच एक होऊन बसतो.

पण मेडिकलचा वर्ग दाखवशील, विशेषतः आजचा, तर शव नको आणि प्रेतही नको. माझी मामेबहीण इथेच मुंबईत एमबीबीएसला होती. पहिल्या दिवशी डीएचमधून आली, म्हंजे डिसेक्शन हॉल, फॉर्मॅलिनचा वास केसांत बसलेला, जेवली नाही, आणि ‘बॉडी’ म्हणत होती. सगळे बॉडीच म्हणतात. बेवारस बॉड्या कॉलेजांना मिळाव्यात म्हणून १९४९ चा मुंबईचा ॲनाटॉमी ॲक्ट आहे, पण तिच्या टेबलावर होते ते देहदान केलेले होते. देहदानात दान आहे, देणारा आहे, तिथे मेलेला माणूस वाक्याचा कर्ता होतो, आरिस किंटला जे कधीच मिळालं नाही. दोन-तीन महिन्यांनी ती बॉडी म्हणायची बंद झाली आणि ‘आमच्या टेबलवरचे आजोबा’ म्हणायला लागली, आजोबांची नस सापडत नव्हती, आजोबांचं बायपास झालेलं दिसलं, असं.

मराठीत शव, प्रेत, मढं, कलेवर, पार्थिव सगळी नपुंसकलिंगी आहेत हे तुझ्या लक्षात आलंय का? काल जो ‘तो’ होता नाहीतर ‘ती’ होती, तो आज ‘ते’ होतो. म्हणूनच घरचे लोक यातला एकही शब्द वापरत नाहीत. बिल्डिंगखाली उभं राहून विचारतात, ‘बाबांना किती वाजता नेणार?’ नाम टाळतात, नातं धरून ठेवतात. माझ्या बहिणीने पहिल्या आठवड्यात मला सांगितलं होतं, ते तिसऱ्या टेबलवर आहे. नंतर सांगायची, ते तिसऱ्या टेबलवर आहेत. सर्वनाम तेच राहिलं, क्रियापदाला एक त लागला. त्या चित्राखाली तूही ‘आहेत’ लिही.