वेड लागलेलं नाही, मग मानसोपचारतज्ज्ञ कशाला?

प्रश्न : आईचं वय ७८. खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालं, पण तिसऱ्या रात्री ती सलाईन ओढू लागली, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणाली. सकाळी नीट बोलली, संध्याकाळी पुन्हा तेच. हाडांच्या डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांना बोलावलं आहे. तिला आयुष्यात कधी मानसिक त्रास नव्हता.

उत्तर : जुनी माणसं याला ‘वात झाला’ म्हणत; डॉक्टर डिलिरियम म्हणतात. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू होणं, दिवसभरात कमीजास्त होणं आणि लक्ष न टिकणं या त्याच्या खुणा. स्मृतिभ्रंश सहसा महिनोन्‌महिने सावकाश येतो, असा एका रात्रीत नाही. डिलिरियमचं मूळ बहुतेक वेळा शरीरात किंवा औषधांत असतं, म्हणून या कामात मुरलेला मानसोपचारतज्ज्ञ आधी औषधांचा तक्ता उघडतो.

आधी लक्ष तपासतात. ‘डिसेंबरपासून उलटे महिने म्हणा’ असं सांगितल्यावर सात महिनेही बरोबर जमले नाहीत, तर लक्ष ढळलेलं समजतात. डिलिरियम ओळखायच्या ‘फोर-ए-टी’ चाचणीचा हा एक भाग. या चाचणीचे एकूण गुण १२. ४ किंवा जास्त आले तर डिलिरियमचा दाट संशय.

मग कारणांचा शोध. लघवीची नळी काढल्यावर लघवी तुंबली का? शौचाला किती दिवस झालं नाही? दुखणं दबलंय का? ताप, ऑक्सिजन, साखर, सोडियम? सर्दी-खाजेची क्लोरफेनिरामिन, नैराश्यासाठीची अमिट्रिप्टिलिन, वारंवार लघवीसाठीची ऑक्सिब्युटिनिन ही औषधं लक्ष आणि स्मरणासाठी लागणाऱ्या ॲसिटिलकोलीन या मेंदूतल्या रसायनाचं काम अडवतात. म्हाताऱ्या मेंदूला गोंधळायला एवढंही पुरतं.

कधी उलटंच घडतं. घरी वर्षानुवर्षं रात्री घेतलेली अल्प्राझोलम ही झोपेची गोळी भरती करताना यादीतून सुटते आणि दोन-तीन दिवसांत अंग कापू लागतं. दारूचंही तेच. घरचे लाजेपायी ती लपवतात, आणि घात तिथेच होतो. कारण दारू सुटल्यामुळे झालेल्या वाताचे उपचार वेगळे असतात. त्यात लोराझेपामसारखं औषध आणि बी-१ची इंजेक्शनं लागतात. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरून न्या, झोपेच्या गोळ्यांसकट.

प्रश्न : रात्रभर आरडाओरडा चालतो. झोपेचं इंजेक्शन देऊन टाकायला काय हरकत आहे?

उत्तर : हरकत आहे. झोपेच्या औषधाने गोंधळ वाढतो, तोल जातो, ठसका लागतो. स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याची भीती असेल आणि समजावून भागत नसेल, तरच हॅलोपेरिडॉल, म्हणजे भास आणि बेभानपणा शमवणारं औषध. म्हातारपणी सुरुवात साधारण अर्ध्या मिलिग्रॅमने किंवा त्याहून कमी, आणि जमेल तिथे आधी ईसीजी. पार्किन्सन (कंपवात) किंवा लेवी बॉडी नावाचा स्मृतिभ्रंशाचा प्रकार असेल तर ते टाळतात, अंग ताठरतं. हात बांधले की माणूस जास्तच झगडतो. त्यापेक्षा चष्मा आणि कानातलं यंत्र लावा (ते बहुधा उशाच्या कपाटात पडून असतं), मंद दिवा ठेवा, ओळखीचं एक माणूस जवळ बसू द्या.

प्रश्न : मी वॉर्डात सिस्टर आहे. मानसोपचारतज्ज्ञांना बोलावण्याचा कॉल पाठवताना नेमकं काय लिहावं?

उत्तर : ‘पेशंट सहकार्य करत नाही’ एवढ्यावर कोणालाच काही करता येत नाही. असं लिहा : ‘वय ८१, न्यूमोनिया, पाचवा दिवस. घरी स्वतःचा हिशोब स्वतः ठेवत. काल दुपारपासून गुंगीत, जेवताना घास तोंडातच राहतो. सोडियम कमी, १२६. कालपासून दुखण्यासाठी ट्रामाडॉल सुरू.’ आधी कसे होते, बदल कधीपासून, नवं औषध कोणतं, हे तीन मुद्दे सगळ्यात महत्त्वाचे.

आरडाओरडा करणाऱ्यासाठी कॉल लगेच जातो. गुपचूप पडलेले आजोबा ‘शांत पेशंट’ ठरतात. हाही डिलिरियम असू शकतो, आणि तो सर्रास सुटतो. कोणी त्याला नैराश्य समजून एस्सिटालोप्राम सुरू केलं, तर म्हातारपणी त्यानेच सोडियम आणखी उतरू शकतं. नैराश्यात माणूस उदास असतो, पण उलटे महिने सांगायला लावले तर रडतखडत का होईना, बहुधा सांगतो.

प्रश्न : वडील ऑपरेशनला नकार देतात. मानसोपचारतज्ज्ञ ‘सही करायला योग्य’ ठरवतील का?

उत्तर : सरसकट नाही. प्रश्न एकाच निर्णयापुरता असतो : माहिती समजली का, निर्णयापुरती लक्षात राहिली का, फायदे-तोटे तोलता आले का, निर्णय सांगता आला का. आपल्याला न पटणारा नकार म्हणजे अक्कल गेली असं नव्हे. डिलिरियम असेल आणि थांबायला वेळ असेल, तर तो ओसरल्यावर पुन्हा विचारतात.

प्रश्न : पूर्ण बरं व्हायला किती दिवस?

उत्तर : कारण दूर झालं की बरेच जण काही दिवसांत सावरतात, काहींना आठवडे किंवा महिनेही लागतात. तोवर स्मृतिभ्रंशाचा शिक्का नको. स्मरणशक्तीची तपासणी सगळं निवळल्यावर. घरी सोडताना हॅलोपेरिडॉल कधी बंद करायचं, ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. नाहीतर चार रात्रींसाठी सुरू झालेली गोळी वर्षभर चालू राहते.