जलपर्णी परत का येते? तळ्याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वस्तीजवळच्या तलावातली जलपर्णी आम्ही दरवर्षी काढतो. दोन महिन्यांत पुन्हा पसरते. नागपुरातल्या इतर तलावांचंही तेच. चुकतं कुठे?

उत्तर : दुखण्याचं मूळ तलावात येणाऱ्या नाल्यात आहे. सांडपाण्यातून नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) येत राहिलं, की राहून गेलेली १० रोपंही पुरतात. अनुकूल हवेत ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होतात. गाळातलं बी १५-२० वर्षं जिवंत राहतं, म्हणून जांभळी फुलं दिसण्याआधीच काढा. रिकामे कॅन बांधलेला दोर पाण्यावर ताणून थर काठाकडे ओढा, तुटलेले तुकडे जाळीने वेचा आणि सगळं त्याच दिवशी तलावापासून दूर हलवा. काठावर ढीग राहिला तर पहिल्याच पावसात त्यातलं खत पुन्हा पाण्यात उतरतं. तणनाशक नकोच! झाडं जागीच कुजतात, ऑक्सिजन संपतो, मासे मरतात. सांडपाण्यावर वाढलेल्या जलपर्णीचं कंपोस्ट भाजीपाल्याला घालू नका. मुळांत जड धातू साठलेले असू शकतात.

प्रश्न : शेततळ्यात रोहू-कटला आहेत. मे महिन्यात पहाटे ते वर येऊन तोंड उघडतात. रोग असेल का?

उत्तर : बहुधा ऑक्सिजनची टंचाई. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, रात्री तोच वापरतं, त्यामुळे सूर्योदयाआधी पातळी सर्वांत खाली असते. शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो: २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७. मोजमाप पहाटेच घ्या, दुपारचा आकडा फसवतो. ३ मिलिग्रॅमच्या खाली गेलं तर खाद्य आणि शेण लगेच थांबवा, मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत पंपाने पाणी फवाऱ्यासारखं उडवा. जुलैत सलग ढगाळ दिवस आले तरी हीच खबरदारी घ्या.

प्रश्न : नाल्याच्या तोंडाशी कर्दळ लावली तर पाणी स्वच्छ होईल?

उत्तर : नुसती काठावर लावून फारसं नाही. नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या फायटोरिडमध्ये, म्हणजे वनस्पतींच्या मदतीने सांडपाणी शुद्ध करण्याच्या पद्धतीत, पाणी गिट्टीच्या थरातून, पृष्ठभागाखालून वाहतं. खरं काम मुळांवरचे आणि गिट्टीवरचे जिवाणू करतात आणि त्यांना वेळ लागतो. पाणी घाईने गेलं तर तसंच बाहेर पडतं. म्हणून पावसाळी लोंढ्याला वेगळी वाट हवी आणि आधी गाळ बसवणारी टाकी हवी, नाहीतर गिट्टी चोंदते. वाढलेली पानं कापून बाहेर न्या.

प्रश्न : त्यापेक्षा कारंजं?

उत्तर : आसपासचा ऑक्सिजन वाढेल. स्फुरद मात्र जागचं हलणार नाही.