अंजिराला बहार आला, पण फूल कुठंय?

प्रश्न आला आहे तो बँकेतून निवृत्त होऊन सासवडच्या पुढे दीड एकरावर राहायला गेलेल्या एका पुणेकर गृहस्थांचा. सकाळी चहाचा कप घेऊन ते बांधावर जाऊन बसतात. आंबा मोहरलेला, पलीकडच्या ओढ्याला पांगारा लाल झालेला, एकूण वसंताची मजा चालू आहे. अशात शेजारचे शेतकरी येऊन म्हणाले, "काका, यंदा अंजिराचा मीठा बहार झकास धरलाय." काका उठून अंजिराची झाडं पाहून आले. एकही फूल दिसलं नाही! त्यांचा प्रश्न असा: बहार म्हणजे नक्की काय? बहर आणि बहार एकच का? आणि आंब्याला मोहोर म्हणतात, तसं अंजिराला काय म्हणायचं?

काका, फूल दिसलं नाही यात तुमच्या चष्म्याचा दोष नाही. अंजीर उंबराच्या कुळातलं. एक कोवळं अंजीर तोडून उभं चिरून बघा. आधी बोटांना चीक लागेल, मग आत पोकळी दिसेल, आणि त्या पोकळीच्या भिंतीला आतल्या बाजूने बारीक तंतूंसारखी दाटीवाटीने बसलेली असतात तीच फुलं. वर्षानुवर्षं न भेटणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचं फूल झालास' म्हणतो ते यामुळेच. तेव्हा अंजिराला मोहोर नाही, फुलोरा नाही. अंजीर थेट 'लागतं' किंवा 'धरतं'. मग बहार कसला?

इथे शब्दाची थोडी कुळकथा सांगावी लागेल. बहार हा फारसी शब्द, आणि त्याचा मूळ अर्थच वसंत ऋतू. म्हणजे तुम्ही बांधावर बसून ज्याची वाट पाहत होता, त्याचंच नाव शेजाऱ्यांनी घेतलं. गंमत पुढेच आहे. संस्कृतातला 'स' इराणी भाषांत बहुधा 'ह' होऊन भेटतो. सप्तचा हफ्त झाला आणि त्यावरून आपला हप्ता आला. (तुमचा जन्म हप्त्यांतच गेला असणार, त्यामुळे हे उदाहरण मुद्दाम.) तसाच आरंभीचा 'व' फारसीत 'ब' झालेला दिसतो, विंशती तिकडे बीस्त. आता वसंतातलं 'वस्' आणि बहारातलं 'बह' शेजारी ठेवून बघा. दोन्ही शब्द एकाच जुन्या धातूच्या दोन घरांतली भावंडं आहेत. गवयी बसंत आणि बहार हे दोन राग जोडून 'बसंत-बहार' गातात तेव्हा चुलत भावांची गळाभेट चाललेली असते.

मराठीत आल्यावर या पाहुण्याने ऋतूचा अर्थ आपल्यापुरता सोडून दिला. ती जागा वसंताने अडवलेली होतीच. मग त्याचे तीन संसार झाले. एक 'बहर', पुल्लिंगी. फुलांची भरती, आणि त्यावरून कशाचीही ऐन भर. बोगनवेलीला बहर येतो, तारुण्य बहरात असतं. दुसरी 'बहार', स्त्रीलिंगी. मैफलीत बहार येते, कुणी भाषणात बहार उडवून देतो. तिसरा शेतकऱ्यांचा 'बहार', पुन्हा पुल्लिंगी, आणि तुमच्या प्रश्नातला तोच. (गझलेची 'बहर' यांच्यातली नव्हे. ती अरबी, वेगळ्याच घरची.)

हा तिसरा बहार मला सगळ्यांत आवडतो, कारण त्याने क्रियापद बदललं. वसंत येतो, बहर येतो. बहार मात्र 'धरतात'. लिंबू, मोसंबी, डाळिंब यांना आपल्या हवेत वर्षातून एकाहून जास्त वेळा फुलं येऊ शकतात. सगळी येऊ दिली तर झाड थकतं आणि माल धड एकाही हंगामाचा मिळत नाही. म्हणून शेतकरी एक हंगाम निवडतो. पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, पानं गळू द्यायची, मग खत घालून पाणी सुरू करायचं, की झाड फुलांनी भरतं. जानेवारी-फेब्रुवारीत, आंब्याच्या मोहोराच्या सुमाराला फुलं येतात तो आंबे बहार, जून-जुलैतला मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरातला हस्त बहार. फारसी वसंताला आपण मृग आणि हस्त ही नक्षत्रं जोडून टाकली! ऐन पावसाळ्यातला वसंत इराणच्या कवीला सांगितला तर तो हसेल.

ताणाचा हा प्रकार माझ्या गॅलरीत माझ्याकडून नकळत झाला. कुंडीतलं लिंबू दोन वर्षं नुसतं पानांनी माजलं होतं. मे महिन्यात आम्ही पंधरा दिवस गावी गेलो, शेजारी पाणी घालायला विसरले. परत आलो तर पानं मलूल, निम्मी जमिनीवर. हळहळत पाणी घालत राहिलो, आणि काही आठवड्यांत फांद्यांवर पांढऱ्या कळ्या. म्हणजे माझ्या निष्काळजीपणाने मृग बहार धरला होता.

पुरंदरच्या अंजिराचे बहार दोन. पावसाळ्यात फळ येतं तो खट्टा बहार. त्या फळात पाणी फार, गोडी कमी. उन्हाळ्यात तयार होतो तो मीठा. फुलं दिसतच नसल्यामुळे इथे 'बहार'चा अर्थ आणखी एक पाऊल सरकला: आधी ऋतू, मग फुलं, आता त्या हंगामाचं पीक. शेजाऱ्यांनी तुम्हाला फुलं दाखवली नव्हती, मालाची खबर दिली होती.

मोहोराचं थोडक्यात. तो संस्कृत 'मुकुल'पासून, म्हणजे मुळात कळी. प्राकृतात 'क' गळाला, 'ल'चा 'र' झाला, आणि बोलण्यात मोहोर, मोहर, मव्हर अशी रूपं रुळली. सोन्याची मोहर मात्र फारसी, तिचा आंब्याशी संबंध पैशापुरताच. मोहोर आंब्याचा, काजूचा. 'आंब्याला बहर आला' हे चूक नाही, पण मोहोर हा हक्काचा शब्द हाताशी असताना ते मला पिठल्याला 'बेसन करी' म्हटल्यासारखं वाटतं.

तेव्हा नातीला पत्रात लिहायचं असेल तर असं लिहा: आंबा मोहरलाय, पांगाऱ्याला बहर आहे, अंजिराचा मीठा बहार धरलाय. आणि लिंबाचं पाणी तोडायचा मोह झाला तर किती दिवस तोडायचं ते आधी शेजाऱ्यांना विचारा. माझं लिंबू वाचलं ते नशिबाने.