सीडी चालते, डीव्हीडी चालत नाही: लेसरचा पॉट फिरवून घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा: मालवणला घरी दशावताराच्या २००८ सालच्या डीव्हीडी आहेत, कॉम्प्युटरचा ड्राइव्ह सीडी वाचतो पण डीव्हीडी वाचत नाही, आणि मेकॅनिक म्हणतो लेसर उतरलाय (कमजोर झालाय), पॉट, म्हणजे लेसरचा करंट कमीजास्त करणारा बारीक स्क्रू, फिरवून वाढवतो. वाढवू द्यावं का?

नाही. निदान पहिल्या दिवशी तरी नाही.

‘जरासो फिरव रे, चलतलो’ या एका वाक्याने जितके पिकअप (लेसर आणि भिंग असलेला, डिस्क वाचणारा भाग) मेले, तितके म्हातारपणाने मेले नसतील. पॉट फिरवला की उजेड वाढतो, डिस्कवर पडणारा त्याचा ठिपका लहान होत नाही. आणि तुमचा घोटाळा बहुधा ठिपक्याचाच आहे.

सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेसर, एनए (भिंग किती रुंद कोनातून उजेड एकवटतं त्याचं माप, ते जास्त तितका ठिपका लहान) ०.४५, ट्रॅकमधलं (डेटाच्या ओळींमधलं) अंतर १.६ मायक्रॉन. डीव्हीडीला ६५०, ०.६० आणि ०.७४, तिची सगळ्यात आखूड खूण ०.४ मायक्रॉनची. फोकसला चुकायची मुभा सीडीत ±२ मायक्रॉनच्या आसपास, डीव्हीडीत जेमतेम ±०.९. डिस्क मात्र फिरताना ०.३ मिलिमीटर वरखाली झाली तरी नियमात बसते. म्हणजे मुभेच्या तीनशेपट हेलकावा भिंगाने झेलायचा. परतलेला उजेड दंडगोल भिंगातून चार तुकड्यांच्या फोटोडायोडवर (उजेड मोजणाऱ्या भागावर) पडतो. फोकस बरोबर असेल तर ठिपका गोल, सरकला की एका कर्णावर लंबगोल. समोरासमोरच्या जोड्यांची वजाबाकी शून्यावर ठेवत कॉइल भिंग हलवत राहते.

आता त्या भिंगावर खाऱ्या वाऱ्याची आणि स्वयंपाकाच्या धुराची साय धरा. सीडी वाचताना बहुतेक ड्राइव्ह भिंगाचा मधलाच भाग वापरतात, डीव्हीडीला काठापर्यंतचं सगळं भिंग लागतं. काठ मळला की एनए घटतो, ठिपका फुगतो, चार तुकड्यांचा समतोल ढळून शून्यच चुकीच्या जागी जातं. वर इअरबडने पुसणारे मधेच पुसतात आणि मळाचं कडं काठाला लोटतात. पुसल्यावर सीडी सुधारते, डीव्हीडी तिथेच. मग ठपका लेसरवर.

करंट वाढवल्याने आणखी एक बिघडतं. वाचताना लेसर सलग पेटलेला नसतो. डिस्कवरून उलटा येणारा उजेड त्याला अस्थिर करू नये म्हणून तो सेकंदाला कोट्यवधी वेळा लुकलुकवलेला असतो. मूळ करंट चढवला की तो मधे नीट विझतच नाही आणि सिग्नलमधली खरखर वाढते.

तेव्हा आधी ड्राइव्हची वायर काढून झाकण उघडा. कॅमेऱ्याच्या रबरी फुग्याने धूळ उडवा. कॉम्प्रेसर नको, त्याच्या हवेत पाणी आणि तेल असतं, आणि भिंग केसाएवढ्या तारांवर टांगलेलं असतं. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब इअरबडवर, तोही टिपून जवळजवळ कोरडा केलेला. बड फक्त टेकवा, दाबू नका, आणि काठाचं वर्तुळ पूर्ण करा. मेडिकलमधलं स्पिरिट डाग ठेवतं. थिनर, ॲसिटोन प्लॅस्टिकचं भिंगच खातात. पिकअप ज्या सळईवर सरकतो तिला आमच्या हवेत गंज धरतो, मग तो अडखळत सरकतो आणि ट्रॅक सुटतो. ती पुसून पांढरं ग्रीस, नखावर मावेल एवढंच. खोबरेल घातलेले ड्राइव्हही दुरुस्तीला येतात, काय बोलावं. भिंगाखालच्या तिरक्या आरशावर बुरशी असेल तर पिकअप बदलणं स्वस्त. नवा घेतलात तर लेसर शॉर्ट करून ठेवणारा सोल्डरचा ठिपका कित्येकांवर असतो, तो रिबन (चपटी वायर) जोडल्यावरच काढायचा. आधी काढलात तर अंगातल्या स्थिर विजेने लेसरचा डायोड जाऊ शकतो.

मेकॅनिक खोटाच असं नाही. डीव्हीडीचा डायोड वेगळा असतो आणि तो खरंच उतरतो. पण ते करंट मोजून सांगायचं, अंदाजाने नाही. मोजून डायोड खरंच उतरलेला निघाला, तर पॉटच्या मूळ जागेवर खूण करून अगदी किंचित फिरवा आणि चालू झाल्या झाल्या सगळ्या डिस्क कॉपी करा, कारण असा लेसर फार दिवस काढत नाही.

हो, हे सगळं करण्याआधी त्याच डीव्हीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. तिथेही अडल्या तर दोष डिस्कचा आहे: घाईत जास्त वेगाने लिहिलेल्या, किंवा काठातून दमट हवा शिरून आतला चांदीचा थर काळवंडलेल्या. त्या कमी वेगावर, पुन्हा पुन्हा वाचूनच निघतात.