बाहेरचा मॉनिटर लावला की लिनक्स लॅपटॉप हँग होतो; फॉरमॅट करण्याआधी काय तपासावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लॅपटॉपवर उबुंटू 22.04 (लिनक्सचाच एक प्रकार), आत इंटेलचं ग्राफिक्स आणि जोडीला एनव्हीडियाचं कार्ड, रॅम 16 जीबी. एचडीएमआयने 27 इंची मॉनिटर लावला की दहा-वीस मिनिटांत सगळं थिजतं, माउसचा बाणसुद्धा हलत नाही, पॉवरचं बटण दाबून धरावं लागतं. मॉनिटर काढला की दिवसभर काही होत नाही. विंडोजमध्येही होत नाही. म्हणून तुम्ही विचारताय, सगळं फॉरमॅट करून पुन्हा टाकू का?

नका टाकू. 2021 साली घरून काम चालू असताना माझ्याही लॅपटॉपला अगदी हेच झालं होतं आणि मी दोनदा नव्याने उबुंटू टाकलं. दोन्ही वेळा अर्ध्या तासात पहिले पाढे पंचावन्न. साहजिकच आहे, कारण तोच कर्नल (लिनक्सचा गाभा), तोच ड्रायव्हर (कार्डाला चालवणारा प्रोग्राम) आणि तीच केबल पुन्हा आली होती. त्यात दोन रविवार गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून जरा सविस्तर लिहितो. (आज्ञा उच्चारावरून लिहितोय, टाइप करताना रोमन लिपीत, लहान अक्षरांत करा.)

मॉनिटर लावल्यावरच का होतं, हे आधी समजून घ्या. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये आतला पडदा इंटेलच्या चिपला जोडलेला असतो आणि एचडीएमआयचं भोक थेट एनव्हीडियाच्या कार्डाला. मॉनिटर नसताना ते कार्ड बहुतेक वेळ झोपलेलं असतं आणि त्याच्या ड्रायव्हरला काही कामच नसतं. तुम्ही केबल खोचली की कार्ड जागं होतं, दुसरा ड्रायव्हर कामाला लागतो, आणि इंटेलने तयार केलेलं चित्र सतत दुसऱ्या कार्डाकडे पाठवायची कसरत सुरू होते. म्हणजे दोष मॉनिटरमध्येच असेल असं नाही. तो लावल्यामुळे एरवी गप्प असलेला भाग चालू होतो. तुमच्या लॅपटॉपची जोडणी अशीच आहे का, हे पाहायला टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘एलएस /सिस/क्लास/डीआरएम’ द्या. तिथे ‘कार्ड0’, ‘कार्ड1’ अशा नावांपुढे ‘ईडीपी’ आणि ‘एचडीएमआय’ दिसेल. ईडीपी म्हणजे आतला पडदा. दोन्ही वेगवेगळ्या कार्डाच्या नावाखाली असतील, तर मी म्हणतोय तीच रचना आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मी तेव्हा सगळ्यात शेवटी केली. हँग झाल्यावर नेमकं काय मेलंय ते पाहा. फक्त पडदा थिजलाय, की खालचा कर्नलच बंद पडलाय? दिसायला दोन्ही सारखेच, पण उपाय निराळे.

माझ्या बाबतीत हे योगायोगाने कळलं. आकाशवाणीचं प्रक्षेपण इंटरनेटवरून लावलं होतं. पडदा थिजला, माउस मेला, पण गाणं चालूच राहिलं. ते संपलं, निवेदिका बोलली, पुढचं गाणं लागलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की यंत्र जिवंत आहे, फक्त चित्र पडद्यापर्यंत पोचत नाहीये. तुम्हीही काहीतरी लांबलचक लावून ठेवा. आवाज सुरळीत चालू राहिला तर कर्नल जिवंत. अर्ध्या सेकंदाचा तुकडा अडकल्यासारखा पुन्हा पुन्हा वाजू लागला किंवा आवाज गपकन थांबला, तर बहुधा कर्नलच अडकला. कॅप्स लॉकची कळही दाबून पाहा, तिचा दिवा चालू-बंद होतो का. तो आपोआप लुकलुकत असेल, तर बहुतेक कर्नल पॅनिक आहे, म्हणजे कर्नलने स्वतःच हात टेकलेत.

याहून पक्की खूण हवी तर फोन वापरा. लॅपटॉपवर ‘ओपनएसएसएच-सर्व्हर’ टाका, फोनवर टर्मक्स हे टर्मिनलचं अ‍ॅप घ्या, दोन्ही एकाच वायफायवर ठेवा आणि फोनवरून एसएसएचने (दुरून दुसऱ्या यंत्रावर आज्ञा चालवायची सोय) लॅपटॉपमध्ये शिरा. पत्ता ‘होस्टनेम -आय’ने कळतो, त्यातला आय तेवढा मोठा लिहायचा. मग फोनवर ‘सुडो जर्नलसीटीएल -के -एफ’ चालवून फोन शेजारी ठेवून द्या आणि नेहमीचं काम करा. हँग होईल तेव्हा कर्नलचे अखेरचे शब्द फोनच्या पडद्यावर उरतात. लॅपटॉपला ते डिस्कवर लिहायला सवड मिळाली नाही तरी तुमच्यासमोर असतात. माझ्या मते या सगळ्या उत्तरात एवढी एकच गोष्ट केलीत तरी निम्मं काम झालं.

फोनचं जमत नसेल तर पुन्हा चालू केल्यावर ‘जर्नलसीटीएल -बी -1 -के’ द्या. आधीच्या वेळी चालू असतानाची कर्नलची नोंद मिळेल, तिचं शेपूट वाचा. इंटेलचा दोष असेल तर ‘जीपीयू हँग’ किंवा ‘फ्लिप डन टाइम्ड आउट’ असे शब्द दिसतात. एनव्हीडियाच्या ओळी ‘एनव्हीआरएम’ने सुरू होतात आणि त्यात ‘एक्सआयडी’ म्हणून आकडा असतो. 79 असेल तर कार्डाशी असलेला संपर्कच तुटलाय, तेव्हा उष्णता, वीजपुरवठा आणि खुद्द कार्ड यांच्याकडे आधी वळा. एएमडीवाल्यांना ‘रिंग जीएफएक्स’ आणि ‘टाइमआउट’ एकाच ओळीत भेटतात. शेपटात काहीच नसेल, नोंद मध्येच तुटली असेल, तर कर्नलला बोलायलाही वेळ मिळाला नाही असं समजा.

आणि कृपा करून ते पॉवरचं बटण दाबून धरणं थांबवा. दर वेळी अर्धवट लिहिलेल्या फायली तशाच राहतात. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून धरून एस, मग यू, मग बी, अशा कळा दोन-तीन सेकंदांच्या अंतराने दाबा. एसने डिस्कवरचं लिखाण पुरं होतं, यूने डिस्क फक्त वाचण्यापुरती उरते, बीने यंत्र पुन्हा चालू होतं. उबुंटूमध्ये या तिन्हींना मुळातच परवानगी असते. काही लॅपटॉपवर सोबत एफएनची कळ लागते. याला प्रतिसाद मिळाला तर कर्नल पूर्ण मेला नव्हता, हेही कळतं.

आता उपायांकडे. एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा. का, ते पुढे सांगतो.

पहिला संशयित ड्रायव्हर. ‘एलएसपीसीआय -के’ दिलं की प्रत्येक उपकरणाखाली कुठला ड्रायव्हर चालू आहे ते दिसतं. एनव्हीडियाच्या कार्डाखाली ‘नूवो’ असेल, तर तो स्वयंसेवकांनी लिहिलेला मुक्त ड्रायव्हर. त्यांच्या कामाबद्दल मला फार आदर आहे, पण कंपनीने माहिती हातचं राखून दिल्यामुळे, विशेषतः वीज कमी-जास्त करण्याच्या बाबतीत, त्यांना बरीच वर्षं चाचपडत काम करावं लागलं. बाहेरचा मॉनिटर लावून हँग होणाऱ्यांत नूवो असणं नेहमीचं. ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’मध्ये ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ उघडा आणि ‘टेस्टेड’ लिहिलेला एनव्हीडियाचा ड्रायव्हर निवडा. सिक्युअर बूट (सही नसलेले ड्रायव्हर अडवणारी सोय) चालू असेल तर तो एक पासवर्ड ठरवायला लावेल आणि पुढच्या वेळी चालू होताना निळा पडदा येईल. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबलं तर ड्रायव्हर टाकलेला असूनही चालू होत नाही, मॉनिटर काळाच राहतो आणि माणसाला वाटतं, आता तर आणखीच बिघडलं.

माझा लॅपटॉप नूवोवरच होता. ड्रायव्हर बदलला आणि दर पंधरा मिनिटांचं हँग होणं दोन दिवसांतून एकदा यावर आलं. पुरतं गेलं मात्र नाही. तेव्हा वही कामाला आली. प्रत्येक हँगच्या वेळी मी काय करत होतो ते लिहिलं होतं, आणि नवे सगळे हँग मी नुसता वाचत बसलेलो असताना झाले होते. टाइप करताना एकदाही नाही. जुने कधीही व्हायचे. म्हणजे चोर दोन होते आणि पहिला पकडल्यावर दुसरा दिसू लागला. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या असत्या तर हा फरक मला कधीच कळला नसता.

दुसरा चोर निघाला इंटेलच्या बाजूचा. ‘पॅनल सेल्फ रिफ्रेश’ नावाची एक सोय आहे, थोडक्यात पीएसआर. पडद्यावरचं चित्र बदलत नसेल तर पडदा ते स्वतःच्या स्मृतीतून दाखवत राहतो आणि चिपकडून येणारी वाट झोपी जाते, बॅटरी वाचते. काही लॅपटॉपवर या झोपेतून उठताना गाडी अडते. ही सोय आतल्या पडद्याची असली तरी दोन्ही पडदे मिळून एकच डेस्कटॉप असतो, म्हणून अडकलं की दोन्हीकडे थिजतं. तुमचाही लॅपटॉप नुसतं वाचताना अडकतो का, हे आठवून पाहा.

ही सोय बंद करून पाहणं सोपं आहे आणि धोक्याचं नाही. चालू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून ग्रबचा, म्हणजे कुठली सिस्टिम चालू करायची ते विचारणारा, मेन्यू आणा, उबुंटूच्या ओळीवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीत ‘क्वाएट स्प्लॅश’नंतर एक जागा सोडून ‘आय915.इनेबल_पीएसआर=0’ लिहा आणि एफ10 दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच राहतो. चुकलं तर पुन्हा चालू करा, सगळं पूर्ववत. दोन-तीन दिवस असंच चालू करून पाहा आणि गुण आला तरच ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ या फायलीत कायमचं लिहून ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्या. एएमडीचं ग्राफिक्स असलेल्यांनी त्या जागी ‘एएमडीजीपीयू.डीसीडीबगमास्क=0एक्स10’ लिहावं, काम तेच. बॅटरी थोडी लवकर संपेल, पण मॉनिटर लावून टेबलावर बसलेल्याचा चार्जर बहुधा लागलेलाच असतो.

कर्नलचं वय पाहायलाही विसरू नका. उबुंटू 22.04 मुळात 5.15 कर्नल घेऊन आलं. तुमचा लॅपटॉप त्यानंतर बाजारात आलेला असेल, तर त्या कर्नलला त्याची नीट ओळखच नसणार. ‘लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-22.04’ हे पॅकेज टाकलं की 6.8 मिळतो. ‘यूनेम -आर’ने सध्याचा कुठला ते कळेल. बायोसची सुधारणा ‘एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर’ने मिळत असेल तर तीही करून घ्या.

लॉगिनच्या वेळी नाव निवडल्यावर खाली उजव्या कोपऱ्यात दातेरी चाक दिसतं. तिथे वेलँड आणि एक्सऑर्ग (पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या दोन पद्धती) असे दोन पर्याय असतात. आत्ता एक असेल तर दुसरा घेऊन एक दिवस काढा. जुन्या एनव्हीडिया ड्रायव्हरांचं वेलँडशी फारसं जमत नसे, 2024 मध्ये आलेल्या 555 पासून बरंच सुधारलं.

केबलकडे लोक शेवटी बघतात. मॉनिटर 4के असेल आणि केबल किंवा पोर्ट एचडीएमआय 1.4 च्या काळातला, तर त्याची कमाल मर्यादा सेकंदाला 10.2 गिगाबिट. 4के चित्र सेकंदाला 60 वेळा पाठवायला तेवढं पुरत नाही, 30 वेळाच जमतं. 2.0 मध्ये ती मर्यादा 18 झाली. काठावर चालणारी केबल मध्येच क्षणभर तुटते आणि लॅपटॉपला वाटतं, मॉनिटर काढला, पुन्हा लावला. दर वेळी ड्रायव्हरला सगळी मांडणी नव्याने करावी लागते आणि कमकुवत ड्रायव्हर नेमका तिथे पडतो. झाकण मिटवून काम करत असाल तर आणखी एक गंमत होते: मॉनिटर गेला असं वाटलं की लॅपटॉप थेट झोपेत जातो, आणि आपण त्याला हँग म्हणतो. सेटिंगमध्ये रिझोल्युशन उतरवून 1080पी, 60 हर्ट्झ करा. त्यावर दिवसभर सुरळीत चाललं तर आधी केबल बदला.

इथेच एक आपल्याकडच्या घरांपुरतं: लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर हात फिरवला की मुंग्या आल्यासारखं होतं का? मग बहुधा अर्थिंग नीट नाही. अशा स्थितीत चालू मॉनिटरला एचडीएमआय खोचणं पोर्टलाही चांगलं नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेट तपासून घ्या.

यूएसबी-सी डॉक (एकाच केबलवर मॉनिटर आणि बाकी उपकरणं जोडायचा डबा) वापरणाऱ्यांनी ‘एलएसयूएसबी’मध्ये 17ई9 हा क्रमांक पाहावा. तो असला तर डॉक डिस्प्लेलिंक कंपनीच्या चिपचा, चित्र यूएसबीवरून जातं, आणि त्याच्या ड्रायव्हरचा ‘ईव्हीडीआय’ नावाचा भाग प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. तिथे शोधाची दिशाच वेगळी.

तुमचं विंडोजचं निरीक्षण कामाचं आहे. कार्ड आणि केबल निदान एका ड्रायव्हरखाली धड चालतात, एवढं त्यातून कळतं. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर आज रात्री फक्त ‘एलएसपीसीआय -के’ पाहिलं असतं आणि उद्या फोन शेजारी ठेवून काम केलं असतं. हँग झाला की फोनवरच्या शेवटच्या वीस-पंचवीस ओळी, ड्रायव्हरचं नाव आणि ‘यूनेम -आर’चं उत्तर खाली प्रतिक्रियेत टाका. मी वाचून पुढचं सांगतो.