जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बदलण्याआधी

गिअरबॉक्स गेला असं मेकॅनिकने सांगितलं म्हणून लगेच दुसरा शोधायला धावू नकोस. आधी गिअरबॉक्सचं ऑइल बघ. ते काळं पडलंय, जळका वास येतोय आणि पॅनमध्ये (गिअरबॉक्सखालच्या ऑइलच्या तबकात) धातूचा कीस सापडतोय, तर आतले क्लच संपले समज. ऑइल स्वच्छ असेल तर स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड वाचणारं यंत्र) लाव. कित्येकदा दोष एखाद्या सोलेनॉइडचा (ऑइलचा प्रवाह उघडबंद करणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हचा) किंवा वायरिंगचा निघतो.

बदलायचाच ठरला तर नुसतं गाडीचं मॉडेल सांगून वापरलेला गिअरबॉक्स घेऊ नकोस. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळे गिअरबॉक्स येतात. गिअरबॉक्सच्या प्लेटवरचा कोड जुळलाच पाहिजे. गिअरबॉक्स खाली उतरलेला असतानाच इंजिनच्या क्रँकचं मागचं ऑइल सील बदलून घे, नंतर तेवढ्यासाठी सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा गोल भाग) हलक्या हाताने फिरवत आत ढकल, गिअरबॉक्सच्या ऑइल पंपात पूर्ण बसेपर्यंत. बहुतेक गिअरबॉक्सना दोन-तीनदा ‘खट’ असं जाणवतं. घाई करू नकोस. बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं इंजिनला जोडणारं पुढचं कवच) इंजिनला नुसत्या हाताने टेकलं पाहिजे आणि त्यानंतरही कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे. फट राहिली म्हणून बोल्टने आवळून ओढलंस तर पंप तिथेच फुटतो. माझा असाच फुटला होता, नवा गिअरबॉक्स एक किलोमीटरही न चालता.

गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारा कूलर आणि त्याच्या नळ्या फ्लश कर (आतून धुऊन काढ), कीस जास्त असेल तर कूलरच बदल. गाडीच्या कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं ऑइल घाल, आणि पातळी मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानालाच तपास.