पद्मिनीचं इंजिन खोललंय. बेअरिंग कोणत्या साईजचं घ्यावं आणि गॅप कसा मोजावा?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन उतरवलंय, आणि मेकॅनिक म्हणतो, ‘वीसचा सेट आणा, बसवून देतो.’ इतक्यात आणू नका. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा, मोजल्याशिवाय साईज सांगणारा माणूस अंदाज करतोय. मी बरीच वर्षं क्रँक ग्राइंडिंगच्या मशीनवर उभा आहे, म्हणून एवढं ठामपणे सांगतो.

आधी जुन्या बेअरिंगची पाठ पुसून त्यावरचा शिक्का बघा. एसटीडी (स्टँडर्ड, मूळ साईज) असेल तर क्रँकला अजून ग्राइंडिंगचा दगड लागलेला नाही. 010 किंवा 0.25 असेल तर एकदा ग्राइंडिंग झालंय. आपल्याकडे दहा, वीस, तीस म्हणतात ते इंचाचे हजारावे भाग, म्हणजे साधारण पाव, अर्धा आणि पाऊण मिलिमीटर. क्रँकचा व्यास घासून जितका कमी झालाय, तो हा आकडा. दहाच्या सेटमध्ये प्रत्येक शेल (बेअरिंगचा अर्धगोल तुकडा) एसटीडीपेक्षा फक्त 0.125 मिमीने जास्त जाड असतं. दोन्ही बाजू मिळून पाव मिमी होतो. इथे भलेभले गोंधळतात.

आता क्रँक. पद्मिनीच्या 1089 सीसी इंजिनात मेन जर्नल (क्रँक ज्यांवर फिरतो ते गोल भाग) तीन आणि क्रँकपिन (कनेक्टिंग रॉड बसतात ती जर्नल) चार. प्रत्येकावर दोन टोकांना, काटकोनातल्या दोन दिशांनी मायक्रोमीटर लावायचा, म्हणजे 28 मापं. सगळी कागदावर लिहा. एकाच जागी दोन दिशांत फरक आला तर जर्नल अंडाकृती झालंय, दोन टोकांत आला तर निमुळतं. हा फरक दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या वर गेला की मी सरळ ग्राइंडिंग सांगतो. नखाला लागणारा चरा असेल तरीही.

माप घेताना क्रँक थंड हवा. नवीन असताना मी मशीनवरून उतरवलेला कोमट क्रँक मोजून ‘बरोब्बर’ म्हणून दिला होता. 50 मिमीचं जर्नल 20 अंश जास्त गरम असेल तर जवळपास 0.01 मिमी मोठं दिसतं. सकाळी पुन्हा मोजलं तेव्हा प्रत्येक जर्नल शतांशाने बारीक. उस्तादांनी काही न बोलता मायक्रोमीटर माझ्या हातातून काढून घेतला.

मापावरून साईज ठरली की मगच सेट घ्या आणि क्रँकसोबत ग्राइंडिंगवाल्याकडे द्या. शेल बसवून, कॅप (बेअरिंग धरणारं झाकण) ठरलेल्या टॉर्कने, म्हणजे ठरलेल्या जोराने, आवळून, आतला व्यास बोअर गेजने मोजायचा. कॅपच्या जोडावर नाही, त्याच्या काटकोनात. कारण जोडाजवळ शेल मुद्दाम पातळ केलेलं असतं. या व्यासातून जर्नलचा व्यास वजा केला की गॅप, म्हणजे बेअरिंग आणि जर्नलमधली फट, मिळतो. ढोबळ हिशोब असा, की जर्नलच्या व्यासाचा हजारावा भाग: 50 मिमीला 0.05. पण गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच धरा.

बोअर गेज नसेल तर प्लास्टिगेज चालतं. मेणासारखी बारीक दोरी जर्नलवर ठेवायची, कॅप पूर्ण टॉर्कला आवळायची, क्रँक अजिबात फिरवायचा नाही, मग कॅप काढून चपटी झालेली पट्टी पाकिटावरच्या खुणांशी जुळवायची. गॅप कळतो, जर्नलची अंडाकृती मात्र नीट कळत नाही.

गॅप जास्त आला म्हणून कुणी शेलच्या मागे चांदीचा कागद घालू लागला, किंवा कॅपच्या तोंडावर कानस मारू लागला, तर गाडी तिथून उचला. शेलची टोकं जोडावर केसभर वर राहतात ती मुद्दाम. आवळल्यावर शेल आपल्या जागेत घट्ट बसतं ते त्यामुळेच. कॅपही ज्या नंबरची, त्याच जागी, त्याच दिशेने.

ग्राइंडिंगवाल्याला जर्नलच्या कडेची गोलाई राखायला आठवणीने सांगा. तिथे काटकोनी खाच राहिली तर क्रँक तिथूनच तुटतो. ग्राइंडिंगनंतर तेलाची भोकं तारेने आणि हवेने साफ करून घ्या. आत राहिलेली पूड नवं बेअरिंग खाते.

आणि दुकानात डबा उघडून प्रत्येक शेलची पाठ वाचा. डब्यावर वीस आणि आत एक जोडी दहाची, हे मी स्वतः पाहिलंय.